वडिलांच्या ब्लॉकसाठी कोणता बलून : साधा, कटिंग, शॉकवेव्ह की औषधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, मधुमेह जुना, जिना चढताना छातीत दाब येतो. अँजिओग्राफीत एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावी धमनी) मधल्या भागात ८० टक्के ब्लॉक आणि त्यात भरपूर कॅल्शियम दिसलंय. शिवाय आरसीएमध्ये, म्हणजे हृदयाच्या उजव्या धमनीत, सहा वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट आतून पुन्हा ७५ टक्के अरुंद झालाय. एक डॉक्टर म्हणाले, बलून करून स्टेंट टाकू. दुसरे म्हणाले, शॉकवेव्ह लागेल. तिसऱ्यांनी औषधी बलून सुचवला, नवा स्टेंट नको म्हणाले. यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती, हे तुम्हाला हवंय.

तिघांची मतं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तशी असतीलच असं नाही. वडिलांच्या हृदयात दोन ब्लॉक आहेत आणि ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. एक कॅल्शियमने कडक झालेला, दुसरा जुन्या स्टेंटच्या आतला. आणि बलूनचीही कामं वेगवेगळी असतात. काही बलून वाट मोकळी करतात, काही कडक थर फोडतात, काही भिंतीला औषध लावून बाहेर येतात. म्हणून 'कोणता बलून भारी' असं विचारण्यापेक्षा 'हा ब्लॉक नेमका कशाचा बनलाय आणि तो पूर्ण उघडेल याची खात्री कशी करणार' हे विचारायला हवं. खाली जे लिहितोय ते अँजिओग्राफीची सीडी न पाहता लिहितोय. धमनीचं वळण, ब्लॉकची लांबी, जवळून फुटणाऱ्या फांद्या, किडनीची स्थिती, हृदयाचं पंपिंग, यातल्या एकेका गोष्टीने निर्णय बदलू शकतो.

बलूनकडे वळण्याआधी एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. मधुमेह आहे, एकापेक्षा जास्त धमन्यांत ब्लॉक आहे आणि त्यातली एक एलएडी आहे. अशा रुग्णाबाबत बायपासचा विचार झालाच पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' या चाचणीत अनेक धमन्यांत ब्लॉक असलेले १,९०० मधुमेही रुग्ण होते. त्यांच्यात बायपास झालेल्यांमध्ये पुढच्या पाच वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी दिसले, पक्षाघात मात्र थोडे जास्त. वडिलांना बायपासच हवं असं मी म्हणत नाही. ब्लॉक छोटे असतील तर अँजिओप्लास्टी योग्य ठरते. पण कार्डिओलॉजिस्ट आणि कार्डिॲक सर्जन दोघांनी सीडी बघितली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. त्रास स्थिर असेल, म्हणजे फक्त श्रमाने येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर घाईही नाही. 'इस्केमिया' या ५,१७९ रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२०) अशा स्थिर रुग्णांमध्ये आधी गोळ्या देणं आणि लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास करणं यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. छातीतला त्रास मात्र अँजिओप्लास्टीने कमी होतो. बसल्या जागी दुखत असेल, रात्री जाग येत असेल किंवा त्रास आठवड्यागणिक वाढत असेल, तर हा परिच्छेद विसरा आणि आजच दाखवा.

आता बलून. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बलून फुगवला. बलूनने चरबी बाजूला दाबली जाते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात थराला चिरा पडतात आणि धमनीची भिंत ताणली जाते. जागा त्यातून मिळते. त्यामुळे नुसत्या बलूनच्या तीन अडचणी होत्या. ताणलेली भिंत काही मिनिटांत परत आखडायची. चीर मोठी पडली तर तिची झडप होऊन धमनी अचानक बंद व्हायची. आणि हे दोन्ही टळलं तरी पुढच्या सहा महिन्यांत साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांमध्ये जखमेवर पेशी वाढून जागा पुन्हा अरुंद व्हायची. पहिल्या दोन अडचणी स्टेंटच्या जाळीने सोडवल्या, तिसरी स्टेंटवरच्या औषधाने बरीच आटोक्यात आली. म्हणून आज साधा बलून हा बहुतेक वेळा अंतिम उपचार नसतो, तो स्टेंटसाठी किंवा औषधासाठी जागा तयार करतो. ही तयारी नीट झाली तर पुढचं सगळं सोपं जातं.

साध्या बलूनमध्येही दोन जाती आहेत. पहिला थोडा ताणला जाणारा, सेमी-कम्प्लायंट. तो मऊ आणि बारीक असतो, घट्ट ब्लॉकमधून सहज पार होतो. अगदी १ ते १.५ मिलिमीटर व्यासाचे बलूनही मिळतात, फक्त बलूनला वाट दाखवणारी बारीक वायर पार झाली आहे आणि दुसरं काहीच जात नाही अशा वेळी ते कामाला येतात. दाब वाढवला की तो जाड होत जातो. हा दाब अ‍ॅटमॉस्फिअर या एककात मोजतात. ३ मिलिमीटरचा बलून १४ अ‍ॅटमॉस्फिअरला साधारण ३.२-३.३ मिलिमीटरपर्यंत जातो. अडचण इथेच आहे. मध्ये कडक कॅल्शियम असेल तर हा बलून मध्यभागी अडकतो आणि दोन्ही टोकांना, जिथे धमनी मऊ आहे तिथे, फुगतो. स्क्रीनवर स्पष्ट डमरूचा आकार दिसतो. त्यावर आणखी दाब दिला तर मधला भाग उघडत नाही आणि टोकाची निरोगी धमनी फाटू शकते.

दुसरा न ताणला जाणारा, नॉन-कम्प्लायंट, कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) सगळे त्याला 'एनसी' म्हणतात. याचं आवरण ताठ असतं. १२ अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास तो ठरलेल्या व्यासाला येतो आणि १८-२० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत नेला तरी व्यास फार वाढत नाही, सगळा जोर मधल्या घट्ट जागेवर पडतो. म्हणून कॅल्शियम असेल तिथे आमचा पहिला हात एनसीकडे जातो. माप धमनीच्या निरोगी भागाइतकं, म्हणजे धमनी ३ मिलिमीटर असेल तर बलून ३ चाच, किंवा सुरुवातीला पाव-अर्धा मिलिमीटर लहान. लांबी ब्लॉकपेक्षा जास्त नको, नाहीतर निरोगी भाग उगाच दुखावतो. भरण्यासाठी कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव) आणि सलाइन साधारण निम्मंनिम्मं मिसळतात आणि हवा पूर्ण काढून टाकतात, कारण बलून फुटला तर आतली हवा थेट हृदयाच्या धमनीत जाते. पाकिटावर जी सुरक्षित दाबाची मर्यादा छापलेली असते, तिचा अर्थ त्या दाबाला १,००० पैकी ९९९ बलून फुटणार नाहीत असा असतो. ती ओलांडण्याचा मोह कडक ब्लॉकपुढे होतोच. पण तिथे दाब वाढवण्याऐवजी साधन बदलायला हवं. मुद्दाम जास्त दाबासाठी बनवलेला दुहेरी थरांचा एनसी बलूनही मिळतो, त्याची मर्यादा ३५ अ‍ॅटमॉस्फिअर आहे. तो जाड असल्याने वळणाच्या धमनीतून नेणं कठीण, पण सरळ भागातल्या चिवट ब्लॉकला तो कधीकधी एकट्याने उघडतो.

तुमच्या वडिलांच्या एलएडीबाबत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे सांगतो. ब्लॉक बलूनने पूर्ण उघडल्याचं दिसल्याशिवाय त्यात स्टेंट सोडू नये. न उघडलेल्या कॅल्शियममध्ये स्टेंट बसवला तर तो तिथे अर्धवट फुगलेला राहतो, आणि बसवलेला स्टेंट परत काढता येत नाही. अर्धवट फुगलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गाठ धरण्याची आणि जागा पुन्हा अरुंद होण्याची शक्यता वाढते. आरसीएचा जुना स्टेंट पुन्हा का अरुंद झाला, याचं उत्तरही कदाचित हेच असेल; त्याकडे नंतर येतो. तपासायची पद्धत सोपी आहे. धमनीच्या मापाचा एनसी बलून फुगवायचा आणि दोन वेगवेगळ्या कोनांतून पाहायचं. कडा दोन्हीकडून समांतर दिसल्या, कुठेही खाच उरली नाही, तर जागा तयार आहे. खाच उरली तर साधा बलून इथे पुरणार नाही.

अँजिओग्राफीत कॅल्शियम दिसतं ते बाहेरच्या सावलीसारखं. ते किती जाड आहे, धमनीला पूर्ण वेढा आहे की एका बाजूलाच आहे, हे त्यात कळत नाही. त्यासाठी धमनीच्या आतून चित्र घ्यावं लागतं. ध्वनिलहरींनी घेतात ते आयव्हस, प्रकाशाने घेतात ते ओसीटी. ओसीटीत तीन मापं बघतात : कॅल्शियमचा वेढा अर्ध्या परिघापेक्षा जास्त, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त, लांबी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त. तिन्ही असतील तर नुसत्या बलूनवर स्टेंट नीट फुगणार नाही असं धरून चालावं. आयव्हसमध्ये ते दाट पांढरं दिसतं आणि मागे सावली पडते, त्यामुळे जाडी कळत नाही, पण वेढा आणि लांबी नीट मोजता येते. मधुमेहामुळे वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मी आयव्हसकडे झुकेन, कारण ओसीटीसाठी दर वेळी जास्तीचं कॉन्ट्रास्ट सोडावं लागतं. दोन्हींपैकी काहीच न करता कॅल्शियमच्या ब्लॉकसाठी महागडं साधन आधीच ठरवलं जात असेल, तर कारण विचारा.

एनसीने खाच उरली की पुढचे पर्याय सुरू होतात. कटिंग बलूनवर तीन किंवा चार अगदी बारीक पाती लांबीच्या दिशेने बसवलेली असतात. बलून घडी केलेला असतो तेव्हा पाती घडीत लपलेली असतात, फुगल्यावर वर येतात आणि थरात ठरावीक जागी सरळ चिरा देतात. बलूनने कुठेतरी वेडीवाकडी चीर पडण्यापेक्षा नेमकी, उथळ चीर पडावी ही कल्पना. याला घाई चालत नाही. एकेक अ‍ॅटमॉस्फिअर चार-पाच सेकंद घेत वाढवायचं, साधारण ६ पर्यंत न्यायचं, १२ च्या वर नाही. उतरवतानाही सावकाश, म्हणजे पाती परत घडीत जातात. झटकन फुगवलं तर पाती वाकडी बसतात आणि भिंत खोलवर कापली जाते. हा बलून ताठ असल्याने तीव्र वळणात आणि अगदी घट्ट ब्लॉकमध्ये जात नाही, म्हणून आधी लहान साध्या बलूनने वाट करून घेतात. स्टेंटशिवाय नुसता वापरून त्याचा साध्या बलूनपेक्षा काही खास फायदा नाही, हे २००२ साली १,२३८ रुग्णांच्या चाचणीत स्पष्ट झालं. पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण ३१ टक्के होतं. त्याचं खरं काम आज स्टेंटआधीच्या तयारीचं आहे.

स्कोरिंग बलून त्याचाच सौम्य भाऊ. पात्यांच्या जागी बारीक तारा किंवा नायलॉनचे उंचवटे असतात, ते कापत नाहीत, थरावर रेघ उमटवतात. त्याचा दुसरा गुण म्हणजे तो घसरत नाही. साधा बलून फुगवताना पुढेमागे सटकतो, विशेषतः जुन्या स्टेंटच्या आत, तेव्हा स्कोरिंग बलून जागेवर पकड घेतो. मध्यम कॅल्शियमला हे दोन्ही पुरतात. वेढा पूर्ण आणि जाडी जास्त असेल तर मात्र भरवसा कमी. जर्मनीत झालेल्या २०० रुग्णांच्या 'प्रिपेअर-कॅल्क' चाचणीत (२०१८) कटिंग-स्कोरिंग बलूनने ठरवल्याप्रमाणे काम ८१ टक्के रुग्णांत झालं, तर रोटाब्लेशनने, म्हणजे मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणाऱ्या हिऱ्याच्या कणांच्या बर्रने (कॅल्शियम घासून वाट करणारं छोटं टोक), ९८ टक्के रुग्णांत. पण पुढे नऊ महिन्यांनी स्टेंटमधली जागा दोन्ही गटांत जवळपास सारखीच टिकलेली होती. याचा व्यवहारातला अर्थ : बलून पार होत असेल तर बलूनने सुरुवात करणं गैर नाही, फक्त रोटाब्लेशनची सोय हाताशी हवी.

शॉकवेव्ह, म्हणजे धमनीच्या आतली लिथोट्रिप्सी, हे तुम्ही सगळ्यात जास्त ऐकलं असेल. १२ मिलिमीटर लांबीच्या बलूनमध्ये छोटे विद्युत उत्सर्जक असतात. ठिणगीने आतल्या द्रवात बुडबुडा तयार होऊन कोसळतो आणि त्यातून दाबाची लहर निघते. ती मऊ पेशींमधून पार होते आणि कडक कॅल्शियमला तडे देते, अगदी भिंतीच्या खोल थरातल्याही. बलून फक्त ४ अ‍ॅटमॉस्फिअरला भिंतीला टेकवायचा, १० लहरी सोडायच्या, मग ६ पर्यंत नेऊन उघडला का बघायचं, उतरवून रक्त वाहू द्यायचं, पुन्हा तेच. मूळ बलूनमध्ये ८० लहरींची मर्यादा आहे, नव्या आवृत्तीत १२०. माप धमनीइतकंच हवं. लहान घेतला तर भिंतीला टेकत नाही आणि लहर वाया जाते, हीच यातली सर्वांत नेहमीची चूक आहे. ब्लॉक लांब असेल तर थोडा थोडा सरकवत, मागच्या जागेवर किंचित चढवत जातात. वडिलांचा ब्लॉक ३० मिलिमीटर लांब असेल तर लहरी कुठे खर्चायच्या हे ओसीटी-आयव्हस पाहून आधीच ठरवावं लागतं.

याचा फायदा असा की कमी दाबात काम होतं, म्हणून मोठी चीर पडण्याची आणि कण वाहून जाऊन रक्तप्रवाह मंदावण्याची भीती कमी. शिकायलाही रोटाब्लेशनपेक्षा सोपं. 'डिसरप्ट कॅड ३' या ३८४ रुग्णांच्या अभ्यासात ९२.४ टक्के रुग्णांत काम यशस्वी झालं. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवा. आकडा चांगला आहे, तरी त्यावरून 'दुसऱ्या कशापेक्षा चांगलं' असं म्हणता येत नाही. मर्यादा दोन. बलून जाडसर आहे, घट्ट ब्लॉकमधून जात नाही. आधी साध्या बलूनने, नाहीच जमलं तर १.२५ किंवा १.५ मिलिमीटरच्या बर्रने वाट करून मग शॉकवेव्ह करतात. आणि कॅल्शियम एका बाजूला गाठीसारखं आत आलेलं असेल, तर बलून समोरच्या मऊ बाजूला ताणला जातो आणि परिणाम कमी मिळतो. पूर्ण वेढा असेल तिथे हे साधन सर्वांत छान काम करतं. लहरींच्या वेळी ईसीजीवर मधूनच जास्तीचे ठोके दिसतात, मॉनिटर बघून घाबरायचं कारण नसतं, बलून उतरवला की ते थांबतात.

इथवरचा सारांश एका ओळीत : एलएडीसाठी आधी आतून चित्र, मग धमनीच्या मापाचा एनसी, खाच उरली तर वेढा आणि जाडी बघून कटिंग, शॉकवेव्ह किंवा रोटाब्लेशन, मग औषधी स्टेंट, आणि शेवटी स्टेंटच्या आत पुन्हा एनसी जास्त दाबाने. दुसऱ्या डॉक्टरांनी शॉकवेव्ह सुचवलं ते बहुधा कॅल्शियमचं प्रमाण पाहून. ते योग्यच असू शकतं. फक्त चित्र घेण्याआधी ते 'लागेलच' असं मी लिहून देणार नाही.

आता आरसीएचा जुना स्टेंट. तिसऱ्या डॉक्टरांनी औषधी बलून सुचवला तो यासाठी असेल, तर त्याला भक्कम आधार आहे. पण आधी स्टेंट का अरुंद झाला ते शोधायला हवं, आणि तेही आयव्हस किंवा ओसीटीनेच कळतं. कारणं प्रामुख्याने दोन. स्टेंट सुरुवातीपासूनच कमी फुगलेला असेल, तर मुळात जागाच कमी होती, वर थोड्या पेशी वाढल्या आणि ती बंद व्हायला लागली. किंवा स्टेंट पूर्ण फुगलेला आहे, पण आतून पेशींचा जाड थर वाढलाय. पहिल्या प्रकारात औषध लावून काही उपयोग नाही, धातूची जाळीच मोठी करावी लागते. त्यासाठी जास्त दाबाचा एनसी, ३५ अ‍ॅटमॉस्फिअरचा बलून, आणि जाळीमागे कॅल्शियम असेल तर तिथेही शॉकवेव्ह. दुसऱ्या प्रकारात औषधी बलून शोभतो.

औषधी बलूनच्या पृष्ठभागावर औषधाचा थर असतो. बहुतेकांवर पॅक्लिटॅक्सेल, दर चौरस मिलिमीटरला २ ते ३ मायक्रोग्रॅम. सिरोलिमसचे बलूनही आता मिळतात, त्यातला एक सुरतच्या कंपनीचा आहे. पॅक्लिटॅक्सेलवरचा पुरावा जास्त वर्षांचा आहे. दोन्ही औषधं एकसारखी धरू नयेत. बलून जाळी मागे ठेवत नाही, फक्त औषध भिंतीत सोडून बाहेर येतो. त्यामुळे जुन्या स्टेंटवर धातूचा दुसरा थर चढत नाही. अमेरिकेत असा बलून स्टेंटमधल्या ब्लॉकसाठी २०२४ साली मंजूर झाला, तो ६०० रुग्णांच्या चाचणीच्या आधारे. वर्षभरात पुन्हा उपचार, अटॅक किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू औषधी बलूनमध्ये १७.९ टक्के आणि साध्या बलूनमध्ये २८.६ टक्के होते.

साध्या बलूनपेक्षा चांगला, हे पक्कं. नव्या औषधी स्टेंटपेक्षा चांगला का? इथे हात थोडा आखडता घ्यावा लागतो. अनेक चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० साली जे विश्लेषण झालं, त्यात औषधी स्टेंटच्या आत झालेल्या ब्लॉकला पुन्हा औषधी स्टेंट दिल्यास पुढे उपचार पुन्हा करावे लागण्याचं प्रमाण कमी होतं. २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनाही अशा वेळी स्टेंटला झुकतं माप देतात. माझं स्वतःचं मत असं : जुना स्टेंट नीट फुगलेला आहे, ब्लॉक पहिल्यांदाच परत आलाय, तयारीनंतर ३० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा उरला, तर औषधी बलून करून बघणं रास्त आहे, कारण पुढे गरज पडली तर स्टेंटची वाट मोकळी राहते. तयारीनंतरही जागा आखडत असेल तर दुसरा स्टेंट. तिथे आधीच दोन थर असतील तर तिसरा शक्यतो टाळावा.

औषधी बलूनचं तंत्र वरून साधं दिसतं, पण त्यात चुकांना फार जागा आहे. तो ब्लॉक उघडण्यासाठी नसतो; उघडून झाल्यावर औषध लावण्यासाठी असतो. आधी धमनीच्या मापाच्या एनसीने, शक्य असेल तर स्कोरिंग किंवा कटिंगनेही, जागा पूर्ण तयार करायची. रक्त वेगाने वाहतंय आणि चीर असली तर किरकोळ आहे, हे पाहायचं. मोठी चीर असेल, तिच्यात कॉन्ट्रास्ट साठून राहत असेल किंवा प्रवाह मंदावला असेल, तर औषधी बलूनचा विचार सोडून स्टेंट टाकायचा. बलून पाकिटातून काढला की बोटाने स्पर्श नाही, सलाइनमध्ये बुडवणं नाही. शरीरात शिरल्यापासून जागेवर पोहोचेपर्यंत दोन मिनिटांच्या आत, कारण औषध वाटेतच रक्तात धुऊन जातं. तयार केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जास्त झाकेल अशी लांबी, आणि ३० ते ६० सेकंद फुगवून ठेवायचा. एवढा वेळ आरसीए बंद राहिल्यावर छातीत दुखू शकतं, काहींचे ठोके मंदावतात. वडिलांना आधीच सांगून ठेवा की मिनिटभर दुखेल आणि जाईल. फुगवून झाल्यावर बलून लगेच बाहेर काढून निरोप घ्यायचा नाही; काही मिनिटं थांबून पुन्हा चित्र घ्यायचं, कारण आखडणं आणि चीर वाढणं तेवढ्यात दिसतं.

आणि एलएडीमध्येही स्टेंट टाळून फक्त औषधी बलून करता येईल का? ३ मिलिमीटरपेक्षा लहान धमन्यांसाठी 'बास्केट-स्मॉल २' या ७५८ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) औषधी बलून स्टेंटच्या तोडीस तोड ठरला. पण सर्व मापांच्या धमन्यांतल्या नव्या ब्लॉकसाठी चीनमध्ये २,२७२ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२०२४) दोन वर्षांत औषधी बलूनच्या गटात ६.४ टक्के आणि स्टेंटच्या गटात ३.४ टक्के रुग्णांत हृदयाशी संबंधित मृत्यू, अटॅक किंवा त्याच जागी पुन्हा उपचारांची वेळ आली. म्हणून एलएडीच्या मधल्या, चांगल्या रुंदीच्या आणि कॅल्शियमने भरलेल्या ब्लॉकसाठी मी आज स्टेंटच सुचवेन. शिवाय जाड कॅल्शियममधून औषध भिंतीत नीट शिरत नाही.

काय बिघडू शकतं हेही सांगायला हवं. धमनी फाटणं दुर्मीळ आहे, पण कडक कॅल्शियम, धमनीपेक्षा मोठा बलून आणि जास्त दाब एकत्र आले की धोका वाढतो. त्या वेळी बलून परत फुगवून गळती थांबवतात, आच्छादित (पातळ पडद्याने झाकलेला) स्टेंट टाकतात आणि हृदयाभोवती साठलेलं रक्त सुईने काढतात. हे सगळं सामान त्याच खोलीत हवं. निवडलेल्या रुग्णालयात आच्छादित स्टेंट, रोटाब्लेशन, आयव्हस किंवा ओसीटी आणि गरज पडली तर सर्जन उपलब्ध आहेत का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. दोन्ही धमन्या एकाच दिवशी करायच्या की दोन बैठकांत, हे किडनी आणि कॉन्ट्रास्टच्या प्रमाणावर ठरवतात. क्रिएटिनिन जास्त असेल तर बैठका वेगळ्या केलेल्या बऱ्या.

खर्चाबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटची कमाल किंमत ठरवली, तेव्हा औषधी स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, पुढे ती बदलत गेली. तो आदेश स्टेंटपुरता आहे. कटिंग, शॉकवेव्ह आणि औषधी बलूनचं बिल वेगळं येतं आणि ते स्टेंटपेक्षा जास्त असू शकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा विम्यात उपचार घेणार असाल तर कोणता बलून पॅकेजमध्ये बसतो आणि कोणता खिशातून, हे आरोग्यमित्राकडून किंवा टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) आधीच लेखी घ्या. टेबलावर असताना हा निर्णय नातेवाइकांवर येऊ नये.

पुढच्या गोळ्या. स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी, बहुधा क्लोपिडोग्रेल, त्रास स्थिर असलेल्या रुग्णाला साधारण सहा महिने देतात. अटॅक आलेला असेल तर सहसा वर्षभर. नुसता औषधी बलून झाला तर काळ कमी असू शकतो, पण वडिलांना एकीकडे स्टेंट, दुसरीकडे बलून झाला तर जास्तीचा काळ धरायचा. दात काढणं, मोतीबिंदू, कुठलंही छोटं ऑपरेशन आलं तरी त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून परस्पर गोळी बंद करू नका, कार्डिओलॉजिस्टला फोन करा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली आणि साखर आटोक्यात नसेल तर कुठल्याही बलूनचं काम टिकणार नाही.

पुढच्या भेटीला जाताना ही कागदपत्रं न्या : नव्या अँजिओग्राफीची सीडी (नुसता रिपोर्ट नाही), सहा वर्षांपूर्वीच्या अँजिओप्लास्टीची सीडी मिळाली तर तीही, ताजं क्रिएटिनिन, एचबीए१सी, इको, चालू गोळ्यांची यादी, आणि जुन्या स्टेंटचं कार्ड. त्या कार्डावर स्टेंटचा व्यास आणि लांबी छापलेली असते. ३.५ मिलिमीटरचा स्टेंट आयव्हसमध्ये २.५ भरला, तर आरसीएला औषध हवंय की आधी जोर, हे तिथेच ठरतं.